शहराचे मैलापाणी आणि शेताची पाळी

उल्हास नदी ही ठाणे जिल्ह्याची मोठी जलदायिनी होय. सह्याद्रीत उगम पावून ती बदलापूर व कल्याणवरून खाडीस मिळते. शहाड, मोहोने येथे तिचे पाणी उपसून शहरांस पुरविले जाते. घरोघर वापरून झालेले हेच पाणी मैलापाणी होऊन नाल्यांवाटे पुन्हा नदीत व खाडीत येते. उल्हास आणि तिला मिळणारी वालधुनी यांच्या दूषित पाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला होता. मात्र हा प्रश्न केवळ शहराचा नाही. लोहमार्गालगत व नाल्याकाठी जो पालक, माठ वा मेथी काढतो, त्याच्या आरोग्याशी व त्याची भाजी खाणाऱ्यांच्या आरोग्याशी त्याचा थेट संबंध आहे.

कच्चे मैलापाणी का नको?

एक लीटर मैलापाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना साधारणपणे २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो. नितळ नदीच्या एक लीटर पाण्यात मात्र सात-आठ मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे एक घागर मैलापाणी सुमारे तीस घागरी स्वच्छ पाण्यातील प्राणवायू संपवू शकते. मग मासे गुदमरतात व पाण्यास दुर्गंधी सुटते. शिवाय अशा पाण्यात पटकी, विषमज्वर यांचे जंतू व जंतांची अंडी असतात. त्यात नत्र व स्फुरद असल्यामुळे पीक तरारून येते हे खरे. तथापि हिरव्या पानावर बसलेला जंत डोळ्यांस दिसत नाही.

एकाच टाकीत चार कामे

या पाण्याच्या शुद्धीकरणाची एक पद्धत सिक्वेन्सिंग बॅच रिअ‍ॅक्टर या नावाने ओळखली जाते. क्रमाक्रमाने काम करणारी टाकी, असा तिचा अर्थ. ठाण्यात कोपरी येथे या पद्धतीचे दररोज १२ कोटी लीटर क्षमतेचे केंद्र उभारण्यात आले. कल्याण-डोंबिवलीतही आधारवाडी, मोठागाव, टिटवाळा आदी ठिकाणी मैलापाणी शुद्धीकरणाची केंद्रे आहेत.

प्रथम जाळ्यांतून चिंध्या, प्लास्टिक व पुढे रेती काढून घेतात. नंतर टाकीत चार कामे पाळीपाळीने होतात: भरणे, हवा देणे, निवळू देणे व वरचे पाणी निथळून घेणे. तळाशी सोडलेल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांवर कोट्यवधी उपयुक्त जंतू वाढतात व घाण खाऊन टाकतात. हवा बंद केली की त्या जंतूंचे पुंजके पाऊण ते एक तासात खाली बसतात. मग वरचे नितळ पाणी तळ न ढवळता हलकेच काढून घेतात. साधारण तीन ते चार तासांत एक फेरी पुरी होते. एक टाकी निवळत असता मैलापाणी दुसरीकडे वळवितात. पाटाच्या पाण्याची पाळी जशी एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते, तसेच हे होय.

तळचा सर्व गाळ मात्र काढून टाकीत नाहीत. कालचे दही जसे आजच्या दुधास विरजण, तसा तो पुढच्या फेरीचे विरजण ठरतो. वाढलेला तेवढाच गाळ बाहेर काढावयाचा. केंद्र नीट चालले तर निघणाऱ्या पाण्याची प्राणवायूची मागणी लीटरमागे दहा मिलिग्रॅम वा त्याहूनही खाली येते. मात्र वीज फार वेळ गेली, पावसाचे पाणी गटारांत शिरून लोंढा वाढला, किंवा कारखान्याचे विषारी पाणी मिसळले, तर हे विरजण बिघडते.

ही कल्पना जुनीच आहे. इंग्लंडात मँचेस्टर येथे अर्डर्न व लॉकेट या दोघांनी १९१४ साली भरणे-निथळणे याच रीतीने प्रयोग केले. त्यांस प्रेरणा देणारे डॉ. गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. त्या काळी झडपा हातांनी उघडाव्या लागत, म्हणून ही रीत मागे पडली. १९७० नंतर यंत्रे आपोआप चालू लागल्यावर ती पुन्हा पुढे आली.

शेतकऱ्याने काय करावे?

१. नाल्याचे कच्चे पाणी पालेभाजीस, काकडीस व कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोणत्याही पिकास देऊ नये.

२. शुद्ध केलेले पाणी मिळत असेल तरी जंतुनाशन झाले आहे काय, याची चौकशी करावी. कच्च्या खाण्याच्या पिकांसाठी १०० मिलिलीटर पाण्यात मैल्याचे जंतू १,००० हून अधिक नसावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली सुचविले. झाडे, चारा व फुले यांस ते पाणी देणे अधिक निर्धोक असते.

३. खाडीकाठच्या गटारांत भरतीचे खारे पाणी शिरू शकते. यास्तव पाण्यातील क्षार तपासल्याविना शेतास पाणी देऊ नये.

४. या टाक्यांत मैलापाण्यातील बराचसा नत्र हवेत निघून जातो. म्हणून शुद्ध पाणी दिल्यावर खताची मात्रा पूर्वीइतकीच कमी ठेवून चालणार नाही. माती तपासून ती ठरवावी.

५. गाळ ओला वापरू नये. जंतांची अंडी त्यातच बसलेली असतात. काडीकचऱ्यासह त्याचे कंपोस्ट करावे व ढीग चांगला तापू द्यावा. ५५ अंश सेल्सिअस उष्णता पंधरा दिवस टिकवून त्या काळात ढीग पाच वेळा उलटल्यास जंतू मरतात.

६. औद्योगिक वसाहतीजवळच्या गाळाची धातूंसाठी तपासणी करून घ्यावी. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टच्या एका किलोत कॅडमियम ५ व शिसे १०० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये.

७. अशा पाण्यावर काम करताना बूट व हातमोजे घालावेत, जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

ग्रामसेवकांनी आपल्या गावाच्या नाल्यात येणारे पाणी कोठून येते व ते शुद्ध केलेले आहे की कच्चे, याची माहिती घेऊन ती शेतकऱ्यांस समजावून द्यावी. टाकीत पाणी निवळण्यास जसा वेळ द्यावा लागतो, तशीच तपासणीसही सवड द्यावयास हवी. एका पाटाची घाई साऱ्या घराच्या पोटाशी खेळ ठरू शकते. पाणी तपासून घेतले आणि गाळ पिकवून वापरला, तर शहराने टाकून दिलेले तेच पाणी व तोच गाळ शेताच्या कामी येईल.