चार ठोक्यांचे गाणे

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे सांस्कृतिक काम मराठीच्या प्राध्यापकाच्या कपाळी लिहिलेलेच असते. ईशस्तवनापासून सूत्रसंचालनातल्या ऱ्हस्वदीर्घापर्यंत सारे आमच्याकडे! गेल्या खेपेस विद्यार्थ्यांनी नृत्याच्या गाण्यांची यादी पुढे ठेवली. तीत एक नाव होते ‘तांबडी चामडी’. मी तांबड्याच पेन्सिलीने ते खोडले. गाणे ऐकले नव्हते. नावच पुरेसे वाटले.

रात्री मुलुंडला घरी जेवताना ही मर्दुमकी मी सांगितली. आमच्या कन्यकेने घास खाली ठेवला.

“बाबा, तुम्ही पेपरसुद्धा न वाचताच तपासता का हो?”

“अगं, कातडीवर कसले गाणे?”

“आधी ऐकून तर बघा!”

आमटी वाढता वाढता आमच्या सौभाग्यवतींनी निकाल लेकीच्या बाजूने दिला. हात धुताच माझ्या कानांवर ते दोन वाट्यांचे यंत्र चढले.

क्रेटेक्स नावाने संगीत करणारा तरुण आणि गायक श्रेयस यांचे हे गाणे २०२४ साली आले, आणि ते प्रसिद्ध केले कोणी, तर हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने! मराठी शब्द आणि ‘हाउस’ नावाचा ठेका. हा ठेका अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९८० नंतरच्या दशकात घडला. व्याकरण अगदी सोपे: मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, आणि प्रत्येक मात्रेवर ढोल. मला आधी तो रुक्षच वाटला. आपल्या तीनतालात नवव्या मात्रेवर खाली असते. पुढे डग्ग्याचा घुमारा थांबतो, म्हणून तो परतला की गोड वाटतो. येथे खाली कुठे आहे?

ती होती. गाण्याच्या मध्ये ढोल एकाएकी काढून घेतला. सूर चढत गेला. मी अधीर झालो, आणि नेमक्या पहिल्या ठोक्यावर ढोल धाडकन परतला. याला ही मंडळी ‘ड्रॉप’ म्हणतात. तिहाई घेऊन गवई समेवर आला की आपण मान डोलावतो. ही पोरे उड्या मारतात. आणि शब्द? आपल्या रंगाची लाज न वाटणाऱ्याचे ते गाणे निघाले. मी मनातल्या मनात ओशाळलो.

वाचक म्हणतील, हे विलायती खूळ आमच्या दिवाळीत कशाला? तर मग दुसरी शिफारस ऐका. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. १९८२ साली त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन विजेची वाद्ये घेतली आणि भैरवी, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून ध्वनिमुद्रित केले. एचएमव्हीने तबकडी काढली. ती फारशी कोणी घेतली नाही. त्या तिघांतले टीबी-३०३ हे यंत्र खरे तर एकट्या वादकाला बास गिटारची सोबत मिळावी म्हणून निघालेले. तेही खपले नाही. १९८४ मध्ये बंद पडले. पुढे शिकागोच्या मुलांनी ती यंत्रे जुन्या बाजारातून स्वस्तात उचलली, आणि १९८७ साली फ्यूचर या चमूच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’मधून तोच वळवळता, चिरकता खर्ज जगभर गेला. आपल्या सरदारजींची तबकडी त्याआधी पाच वर्षांची! शोध त्यांनीच लावला, अशी फुशारकी मी मारणार नाही. दोन्ही विहिरी वेगळ्या, पाणी तेच लागले. एका डच संग्राहकाने ती तबकडी हुडकली, २०१० साली ती पुन्हा निघाली, आणि सत्तरीच्या सुमारास चरणजित सिंग युरोपच्या रंगमंचांवर वाजवू लागले. २०१५ च्या जुलैत मुंबईतच ते वारले.

त्यातला ‘ललित’ फराळाच्या पहाटे जरूर लावा. मालकंस रात्रीसाठी ठेवा. मात्र मोबाईलच्या चिमुकल्या कर्ण्यावर ऐकाल तर अर्धेच ऐकाल: खालचे सूर त्यातून उमटतच नाहीत. मोठ्या पेटीवर लावाल तर शेजाऱ्यांना आधी सांगा. ते खालचे सूर भिंतीतून सर्वांत सुखाने जातात. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले होते. रागाने नव्हे, राग कोणता, ते विचारायला.

दुसऱ्या दिवशी मी यादीत ते नाव स्वहस्ते पुन्हा लिहिले. संमेलनात ढोल थांबला तेव्हा सभागृहही श्वास रोखून थांबले, आणि मग छत कोसळते की काय असे वाटले. घाटकोपरहून येणारी आमची गुजराती मुले, जी माझ्या तासाला मागच्या बाकावर पेंगतात, शब्द न् शब्द म्हणत होती. त्यांतला एकजण नंतर कँटीनमध्ये घाम पुसत माझ्याकडे आला.

“सर, तांबडी म्हणजे लालच ना?”

“लाल नव्हे रे. ताम्र म्हणजे तांबे, त्याचा रंग.”

“मग सकाळी तांबडं फुटतं म्हणतात, ते?”

मी त्याला बसायला सांगितले, आणि दोन चहा मागवले. पुढल्या तासाची घंटा झाली तेव्हा दोन्ही कप तसेच भरलेले होते.