डोळा भरण्याचा चाकू : कार्बन पोलाद की स्टेनलेस?

नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरताना काप स्वच्छ हवा. कार्बन पोलादाला दगडावर झटपट धार येते, हा त्याचा मोठा गुण. पण रोपवाटिकेत धारेइतकेच निर्जंतुकीकरण महत्त्वाचे. ‘एक्झोकॉर्टिस’ रोगाचा विरॉइड दूषित पात्यातून झाडोझाड पसरतो; त्याच्यावर अल्कोहोलचा भरवसा नाही, सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावणच लागते. हे द्रावण कार्बन पोलादाला लगेच गंजवते. किमान १०.५ टक्के क्रोमियममुळे स्टेनलेस जास्त तग धरते. अर्थात तेही धुऊन, पुसूनच ठेवावे. स्टेनलेसला धार लावायला वेळ लागतो, हा आक्षेप खरा; पण साल कापण्याचे काम हलके असल्याने ती टिकते. रोपवाटिकेसाठी स्टेनलेसच घ्यावे; प्रत्येक मातृवृक्षानंतर पाते निर्जंतुक करावे.