चिलटांचा वंश व आमची सरकी

संकरित कपाशीची सरकी घरी राखून पुढील साली पेरावी काय, असा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी बंधू आम्हांस वारंवार विचारतात. पैसा वाचविण्याच्या मोहाने आम्हीही एके साली तसे केले. एकाच तासात एक झाड उंच तर दुसरे खुजे निघाले, बोंडेही लहानमोठी धरली. दोष विक्रेत्याचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता.

याचा उलगडा नासक्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांवरून होतो. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांस १९१० साली लाल डोळ्यांच्या चिलटांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. चिलटाची पिढी दहाबारा दिवसांत तयार होते. त्यामुळे वंशाचा हिशेब लवकर लागतो. गुणांची बीजे, म्हणजे जनुके, रंगसूत्रांवर ओळीने असतात, असे त्यांस दिसून आले. चिलटात रंगसूत्रांच्या ४ जोड्या, तर अमेरिकन कपाशीत २६ असतात.

एकाच रंगसूत्रावरील गुण बहुधा जोडीने उतरतात. चिलटांतील काळे अंग व खुरटे पंख ही अशीच जोडी होय. मिश्र वंशाच्या मादीचा संकर हे दोन्ही गुण असलेल्या नराशी केल्यास शंभरांपैकी सुमारे ८३ संततींत जुनी जोडी कायम राहते व १७ मध्ये तुटते. भावाभावांच्या वाटणीत धुरा कोठेही पडला, तरी शेजारची दोन झाडे बहुधा एकाच हिश्श्यात जातात. दूरची झाडे मात्र सहज वेगळी होतात. तसेच हे आहे. याच तत्त्वावर स्टर्टेव्हंट यांनी १९१३ साली रंगसूत्राचा पहिला नकाशा मांडला.

आता कपाशीकडे वळू. २००६ पासून आलेल्या दुहेरी बीटी संकरित वाणात अळीनाशक जनुके दोन असून झाडात प्रत्येकाची एकच प्रत असते. त्याच्या बोंडातील सरकीत चारांपैकी एक दाणा पहिल्या जनुकास मुकतो, दुसऱ्याचेही तेच. दोन्ही जनुके स्वतंत्रपणे उतरल्यास सोळांत एक दाणा दोहोंस मुकेल. जवळ जोडलेली असल्यास जवळजवळ चारांत एक. गुलाबी बोंडअळी तर सरकीच पोखरते. अशी सरकी पुन्हा पेरणे म्हणजे निम्म्या कुंपणाचे शेत राखणे होय.

तात्पर्य, संकरित वाणाचे बियाणे दरसाल नवे घ्यावे व पावती जपून ठेवावी. बियाणे घरचेच राखावयाचे असल्यास सरळ वाण पेरावा, तो इतर कपाशीपासून दूर ठेवावा आणि निरोगी झाडांची बोंडे निवडून वेगळी वेचावी.