उंचीवरील कामाची उचल-यंत्रे : जागतिक व्यापार आणि कामगारांची सुरक्षितता

प्रस्तावना :
इमारतीचे बांधकाम, गोदामातील दिव्यांची दुरुस्ती, पुलाची रंगरंगोटी अशा अनेक कामांत कामगाराला उंचीवर जावे लागते. आपल्याकडे त्यासाठी बांबूची अथवा लोखंडी नळ्यांची परांची बांधण्याची पद्धत रूढ आहे. औद्योगिक राष्ट्रांत मात्र तिची जागा बऱ्याच अंशी यांत्रिक उचल-यंत्रांनी घेतली आहे. प्रस्तुत लेखात या यंत्रांच्या जागतिक व्यापाराचे स्वरूप स्पष्ट करून, त्या व्यापाराबरोबर कामगाराची सुरक्षितताही देशोदेशी पोहोचते काय, याचा विचार केला आहे.

यंत्रांचे स्वरूप व उत्पादक :
या यंत्रांचे दोन प्रकार प्रमुख आहेत. कात्रीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांवर सरळ वर जाणारी ती सीझर लिफ्ट आणि लांब भुजेच्या टोकाशी पिंजरा असलेली ती बूम लिफ्ट. अमेरिकेत १९६६ मध्ये जिनी व १९६९ मध्ये जेएलजी या कंपन्या स्थापन झाल्या. पुढे २००२ मध्ये जिनी टेरेक्सकडे आणि २००६ मध्ये जेएलजी ओशकोशकडे गेली. कॅनडातील स्कायजॅक व फ्रान्समधील ओलोत हे अन्य महत्त्वाचे उत्पादक होत. गेल्या काही वर्षांत डिंगली, सायनोबूम यांसारख्या चिनी कंपन्या या स्पर्धेत अग्रभागी आल्या आहेत.

व्यापाराच्या मोजमापातील अडचण :
आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गीकरणात या यंत्रांना स्वतंत्र शीर्षक नाही. त्यांपैकी बहुतेकांची नोंद ८४२७ या शीर्षकाखाली, म्हणजेच फोर्कलिफ्टसारख्या यंत्रांबरोबर होते. काहींची नोंद ८४२८ खाली होते. त्यामुळे केवळ या शीर्षकांच्या आकडेवारीवरून या यंत्रांच्या व्यापाराचा नेमका अंदाज बांधणे कठीण जाते.

खरा ग्राहक कोण? :
या यंत्रांचा मुख्य खरेदीदार ठेकेदार नसून यंत्रे भाड्याने देणारी कंपनी हा आहे. ठेकेदाराला यंत्र काही दिवसांपुरतेच हवे असते. भाडे-कंपनी मात्र खरेदीची किंमत, सुटे भाग, यंत्राचे आयुष्य व पुनर्विक्रीचे मूल्य यांचा एकत्रित हिशेब करते. वापरलेली यंत्रे पुढे कमी भांडवल असलेल्या बाजारपेठांत विकली जातात. अशा रीतीने एकच यंत्र आपल्या आयुष्यात अनेक मालकांच्या हाती जाऊ शकते.

शुल्कयुद्ध :
चीनमधून होणाऱ्या स्वस्त आयातीविरुद्ध अमेरिकी उत्पादकांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये तक्रार दाखल केली. परिणामी डिसेंबर २०२१ मध्ये अनुदानविरोधी व एप्रिल २०२२ मध्ये अँटी-डंपिंग शुल्काचे आदेश निघाले. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये चौकशी सुरू करून जानेवारी २०२५ मध्ये अंतिम अँटी-डंपिंग शुल्क लावले. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. हे शुल्क कंपनीच्या राष्ट्रीयत्वावर नव्हे, तर मालाच्या उगमस्थानावर ठरते. जेएलजी व टेरेक्स यांचेही चीनमध्ये कारखाने असल्याने, तेथून युरोपात जाणारी त्यांची यंत्रेही या शुल्काच्या कक्षेत आली. अमेरिकेत तक्रारदार ठरलेला उद्योग युरोपात स्वतःच शुल्काचा भार वाहू लागला.

सुरक्षिततेचा प्रश्न :
पिंजऱ्यातून पडणे, यंत्र उलटणे, विजेच्या तारेचा स्पर्श व वरच्या अडथळ्यात चिरडले जाणे ही या यंत्रांवरील प्राणघातक अपघातांची प्रमुख कारणे आहेत. ती टाळण्यासाठी जमिनीची पाहणी, सुरक्षापट्ट्याचा (हार्नेस) योग्य वापर, नियमित तपासणी व प्रशिक्षित चालक आवश्यक असतात. १९८३ मध्ये स्थापन झालेली ‘आयपॅफ’ ही आंतरराष्ट्रीय संघटना अशा प्रशिक्षणाचे कार्य करते. यंत्र जहाजातून येते. प्रशिक्षण मात्र त्याबरोबर आपोआप येत नाही. तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे यंत्र पोहोचेपर्यंत त्याची माहितीपुस्तिका व तपासणीच्या नोंदी हरवलेल्या असू शकतात.

निष्कर्ष :
शुल्कामुळे कारखान्यांना संरक्षण मिळते. कामगाराला ते मिळतेच असे नाही. आयात करणाऱ्या देशाने किमतीबरोबरच तपासणीच्या नोंदी, स्थानिक भाषेतील सूचना व चालकाचे प्रमाणपत्र यांचा आग्रह धरला, तरच परांचीवरून यंत्राकडे होणारे संक्रमण कामगाराच्या हिताचे ठरेल. अन्यथा केवळ साधन बदलेल, धोका मात्र कायम राहील.