दिवाळीच्या अंकात दिवाळखोरी

दिवाळीच्या अंकात दिवाळखोरीचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मी जाणतो. पण मराठी शिकविणाऱ्या माणसाला शब्द स्वस्थ बसू देत नाहीत. ‘दिवाळे’ या शब्दातही दिवाच आहे. देणी भागेनाशी झाली, की व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावून ते जगजाहीर करी, असे सांगतात.

जर्मन भाषा याहून कठोर. तिथे ‘शुल्ड’ या एकाच शब्दात ऋणही आहे आणि अपराधही. टोमास मानच्या ‘बुडेनब्रूक्स’ (१९०१) या कादंबरीत ल्यूबेकचा एक धान्यव्यापारी जावयाच्या वह्या पाहून मुलगी देतो. त्या वह्या खोट्या निघतात. जावई बुडतो आणि सासरा त्याला एक छदामही न देता मुलीला नि नातीला घेऊन घरी परततो. दिवाळे म्हणजे माणसातून उठणे, असाच तो काळ होता.

आज त्याच जर्मनीत दिवाळखोरीचे आकडे पुन्हा चढले आहेत. २०२३ साली १७,८१४ उद्योगांनी न्यायालयात नादारी नोंदविली. २०२४ साली २१,८१२ उद्योगांनी. गॅलेरिया ही पेठांमधली प्रसिद्ध दुकानसाखळी तर २०२० पासून चार वर्षांच्या आतच तीनदा या दारात गेली.

कारणे उघड आहेत. २०२१ पर्यंत जर्मनीच्या आयात वायूपैकी निम्म्याहून अधिक रशियातून येई. २०२२ च्या युद्धाने ती नळी बंद पडली आणि भट्ट्या महागल्या. युरोपच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर शून्यावरून सप्टेंबर २०२३ पर्यंत साडेचार टक्क्यांवर गेला. मोटारींच्या बाजारात चीन उभा ठाकला. शिवाय करोनाच्या काळात, २०२० साली, नादारी नोंदविण्याची सक्ती काही काळ उठविली होती. तेव्हा टळलेली काही मरणे पुढे ओढवली. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे देशाचे एकूण उत्पन्न आक्रसले.

मग जर्मनी बुडाली काय? घाई नको. २००३ साली असे उद्योग ३९,३२० होते, २००९ साली ३२,६८७. त्यातूनही तो देश सावरला. मला आकड्यांपेक्षा तिथला कायदा अधिक बोलका वाटतो. १८७७ चा जुना कायदा जाऊन १९९९ साली नवा आला. कंपनीला देणी भागविता येत नाहीत असे दिसताच चालकाने फार तर तीन आठवड्यांत न्यायालय गाठलेच पाहिजे. दडवून ठेवणे हा गुन्हा. कामगारांना तीन महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार एका निधीतून मिळतो आणि त्या निधीची वर्गणी सारे मालक भरतात. स्वतःच्या नावावर धंदा करणारा छोटा दुकानदार नियमाने वागला, तर तीन वर्षांनी त्याचे बहुतेक उरलेले कर्ज माफ होते. बुडणे हा अपराध नव्हे, बुडणे लपविणे हा अपराध, असा हा निवाडा आहे.

याची किंमतही कुणीतरी मोजतोच. तारणाशिवाय उधारीवर माल देणारा सुतार किंवा छापखानेवाला रांगेत मागे उभा असतो. त्याच्या हाती फार थोडे पडते. एकाचे दिवाळे शेजाऱ्याच्या घरात शिरते ते असे.

पुढचे काय? सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रेस्डेनच्या पुलाचा एक भाग एल्ब नदीत कोसळला, तेव्हा काटकसरीचे पुष्कळ वर्षांचे हिशेब उघडे पडले. मार्च २०२५ मध्ये जर्मनीने राज्यघटनेतला कर्जावरील लगाम सैल केला आणि रस्ते, रेल्वे, पूल यांसाठी ५०० अब्ज यूरोंचा निधी उभारण्याचे ठरविले. ज्या भाषेत ऋण म्हणजे अपराध, त्या देशाने हे करावे, ही साधी गोष्ट नव्हे. या पैशाने पूल उभे राहतील; पण मिटलेल्या दुकानांच्या जागी नवी दुकाने उघडली, तरच त्या देशाचे दिवस पालटले म्हणायचे.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे वह्यांची पूजा होते. अब्रूच्या भीतीने त्यांतली शेवटची बेरीज मात्र घरातल्या माणसांपासूनही पुष्कळदा लपविली जाते. यंदा हळदकुंकू वाहण्याआधी ती बेरीज घरच्यांसमोर मोठ्याने वाचून पाहावी. तीन आठवड्यांची मुदत सोसण्यासारखी असते. तीन वर्षांची लपवाछपवी घर खाते.