शून्य नेमकं कुठे आलं?

सोलापुरातल्या बी.एस्सी.च्या एका शिकवणीत फळ्यावरचं पहिलं गणित सोपं होतं : वाय डबल डॅश वजा पाच वाय डॅश अधिक सहा वाय बरोबर शून्य. मुळं दोन आणि तीन. म्हणजे ई रेज टू दोन एक्स आणि ई रेज टू तीन एक्स या दोन उकली. बरीच मुलं इथेच उत्तराभोवती चौकट आखतात. पण उकली परस्परांच्या पटीत नाहीत ना, हे तपासायचं राहिलेलं असतं. त्यासाठी निश्चयक मांडतात. वरच्या ओळीत उकली, खाली त्यांचे डेरिव्हेटिव्ह. तिरके गुणाकार, वजाबाकी. उत्तर ई रेज टू पाच एक्स. ते कधीच शून्य होत नाही, म्हणून उकली स्वतंत्र.

या निश्चयकाला रॉन्स्कियन म्हणतात. पोलंडचे गणिती व्रोन्स्की १८५३ मध्ये वारले. त्यांचं नाव त्याला टॉमस म्यूर यांनी १८८२ मध्ये दिलं.

दुसऱ्या गणिताला वर्ग अडला : एक्स स्क्वेअर वाय डबल डॅश, वजा दोन एक्स वाय डॅश, अधिक दोन वाय बरोबर शून्य. उकली एक्स आणि एक्स स्क्वेअर; रॉन्स्कियन एक्स स्क्वेअर.

“सर, झीरोला झीरो येतंय की!” एक मुलगी म्हणाली. “एकला मात्र एक येतंय.”

तिची शंका रास्त होती. आबेलच्या सूत्रानुसार एकाच समीकरणाच्या उकलींचा रॉन्स्कियन एक तर सगळीकडे शून्य असतो, नाही तर कुठेच नसतो.

“आधी पहिला सहगुणक एक कर बघू.”

तिनं एक्स स्क्वेअरनं भागलं आणि वजा दोन भागिले एक्स लिहिताना थांबली. “झीरोला भागताच येत नाही, सर.”

सूत्राला सहगुणक अखंड लागतात. इथे ते शून्यावर तुटतात. म्हणून शून्याच्या उजवीकडे किंवा डावीकडे, पण एकाच बाजूला राहायचं. तिथे उकली स्वतंत्रच.

उलटी फसगत पेआनो यांनी १८८९ मध्ये दाखवली. एक्स स्क्वेअर आणि एक्स गुणिले मॉड एक्स यांचा रॉन्स्कियन सर्वत्र शून्य, तरी शून्याच्या दोन्ही बाजू धरल्या तर फलनं स्वतंत्र. कारण तिथे ती अखंड सहगुणकांच्या एकाच समीकरणातून आलेली नसतात.

मग दुसऱ्या गणिताकडे परत येत सरांनी विचारलं, “शून्यावर वायची किंमत एक हवी असेल तर?” मुलांनी स्थिरांक बदलून पाहिले. एक्सही तिथे शून्य, एक्स स्क्वेअरही शून्य. एक काही येईना. रॉन्स्कियननं ते आधीच सांगितलं होतं.