१/३५ रणगाड्यावरचा बर्फ

आर्देनच्या लढाईचा डायोरामा करताय? आधी तारीख ठरवा. १६ डिसेंबर १९४४ ला जर्मन हल्ला सुरू झाला तेव्हा धुकं आणि चिखलच जास्त होता. दाट बर्फ नंतरचा.

बर्फासाठी खायचा सोडा स्वस्त खरा, पण कालांतराने पिवळा पडतो, म्हणून मी तो टाळतो. त्यापेक्षा मायक्रोबलून, म्हणजे काचेच्या पोकळ कणांची भुकटी घ्या. पांढरा गोंद, मॅट पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग आणि थेंबभर पाणी घालून श्रीखंडाइतकं घट्ट कालवा. थर ओला असतानाच चहाच्या गाळणीतून वर कोरडी भुकटी भुरभुरवा. तोंडाला मास्क हवाच!

फूटभर बर्फ १/३५ मापात जेमतेम ९ मिलिमीटर भरतो. चालू रणगाड्याच्या इंजिनावर मात्र बर्फ नको, तिथे फक्त ओल दाखवा.